‘नैसर्गिक’ या शब्दाचा आडोसा

‘नैसर्गिक’ हा शब्द कानाला गोड लागतो. जे निसर्गाने निर्मिले ते निरुपद्रवीच असणार, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वास्तविक बचनागही रानातच उगवतो! पण या शब्दाच्या आडोशाने किरणोत्सर्गी कचरा साध्या कचऱ्याच्या पंक्तीला बसू लागला, म्हणजे ही समजूत नुसती भाबडी राहत नाही. ती धोक्याची ठरते.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील बाकेन खडकातून तेल उपसताना त्याबरोबर खारे पाणी वर येते आणि भूगर्भातील रेडियम त्यात विरघळलेले असते. हे पाणी मोज्यासारख्या लांब पिशव्यांतून गाळतात. गाळाबरोबर रेडियमही त्यांत साचत जाते. खोल खडकात जे विखुरलेले होते, ते माणसाच्या उद्योगाने असे एकवटते. मग त्याला केवळ निसर्गाची करणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

२०१४ च्या प्रारंभी नूनन या तेथील लहानशा गावी, एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत अशा वापरलेल्या पिशव्यांचा ढीगच सापडला. त्या वेळी दर ग्रॅममागे ५ पिकोक्युरींहून अधिक रेडियम असलेला कचरा राज्यात पुरण्यास मनाई होती. तो परराज्यातील खास जागी न्यावा लागे. नियम कडक, वाहतूक खर्चाची, आणि प्रत्येक पोत्याचा माग ठेवणारी व्यवस्था मात्र तोकडी! अशा ठिकाणी चोरवाटा फुटल्यास नवल नाही.

पुढे आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासाचा आधार घेऊन राज्याने २०१५ साली ही मर्यादा ५० पिकोक्युरींपर्यंत वाढविली आणि परवानाप्राप्त कचराभूमींचे दार या कचऱ्याला उघडले. हा निर्णय निव्वळ धूळफेक म्हणून झिडकारणे न्यायाचे होणार नाही. ओसाड इमारतीत लपविलेल्या कचऱ्यापेक्षा नोंद करून पुरलेला कचरा केव्हाही बरा. परंतु आकडा बदलल्याने पदार्थाचा स्वभाव बदलत नाही, हेही तितकेच खरे.

हा स्वभाव कसा आहे? रेडियम कॅल्शियमसारखे वागते. पोटात गेले की हाडांत घर करते. त्याचे बळ निम्म्यावर येण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी कोरली जात असताना कोणी रेडियम पुरले असते, तर आज त्यातील निम्म्याहून अधिक शिल्लक सापडते! इतका काळ कोणती कंपनी टिकणार? कोणत्या कचेरीचे दप्तर शाबूत राहणार?

अमेरिकेत तेल-वायू उत्पादनाचा कचरा १९८० साली केंद्राच्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांतून वगळण्यात आला आणि १९८८ साली ती सूट कायम झाली. परिणामी राज्याराज्यांचे माप वेगळे. आपणही स्वस्थ बसावे असे नाही. फॉस्फेट खडकापासून खताचे आम्ल बनविताना मागे राहणाऱ्या जिप्समातही रेडियम उतरते. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने २००९ साली, बांधकामात वापरावयाच्या अशा जिप्समातील रेडियमला मर्यादा घातली, हे योग्यच झाले. पण मर्यादा कागदावर असून भागत नाही. ती ढिगाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, कचऱ्याचा न्याय त्याच्या कुळावरून नव्हे, त्याच्या गुणावरून व्हावा. तो निर्माण होतो तेथेच त्याची मोजणी व्हावी. कोठे, किती आणि कोणी पुरला याची नोंद नागरिकांस पाहता यावी. आणि पुढील देखरेखीचा पैसा परवाना देतानाच उद्योगाकडून घेतला जावा. नफा आजच्या पिढीने घ्यावा आणि राखण उद्याच्या पिढीने करावी, हा व्यवहार नैसर्गिक तर नाहीच, न्याय्यही नाही.