उच्च शिक्षण व उद्योगक्षेत्रातील सर्वोच्च पदे आणि स्त्रियांचे प्रतिनिधित्व : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा विचार १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुलींच्या शाळेपासून केला जातो. १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. मराठवाड्यात मात्र निजामी राजवटीमुळे उच्च शिक्षणाची दारे उशिरा उघडली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. भोकरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालय आल्यामुळे मुलींना घरी राहून पदवीपर्यंत शिकणे शक्य झाले. आता प्रश्न वर्गातील प्रवेशाचा फारसा उरलेला नाही. तो अध्यापककक्षातून प्राचार्यांच्या दालनापर्यंत जाणाऱ्या वाटेचा आहे. ही वाट कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संख्या आणि स्थान :

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी विद्यार्थिनी होत्या. मुलींचे स्थूल नोंदणी प्रमाण २८.५, तर मुलांचे २८.३ होते. दर १०० पुरुष अध्यापकांमागे स्त्री अध्यापकांची संख्या २०१४-१५ मध्ये ६३ होती, ती २०२१-२२ मध्ये ७७ झाली. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे.

सर्वोच्च पदांची गती मात्र निराळी आहे. हंसा मेहता १९४९ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, ही घटना त्या काळी अपूर्व होती. परंतु १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला पहिल्या स्त्री कुलगुरू डॉ. मेहरू बंगाली यांच्या रूपाने १९८६ साली, म्हणजे १२९ वर्षांनी लाभल्या. १९४२ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. एन. कलैसेल्वी यांच्या रूपाने २०२२ साली मिळाल्या. गुणवत्तेचा अभाव हे या विलंबाचे कारण म्हणता येत नाही. कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला तो एका वर्षाच्या परीक्षाधीन अटीवर. पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला सेवेच्या अखेरच्या टप्प्यात आले.

आरक्षण कोठे थांबते? :

महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण जाहीर केले. शासकीय सेवांत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण मिळाले आणि अध्यापक भरतीच्या जाहिरातींतही ही तरतूद परिचयाची झाली. तथापि आरक्षण हे संवर्गातील पदसंख्येवर चालते. एका महाविद्यालयात प्राचार्याचे पद एकच असते, विद्यापीठात कुलगुरूचे पदही एकच. अशा एकाकी पदाला आरक्षण लागू करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ साली चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण संस्थेच्या प्रकरणात दिला.

येथे पंचायतराज व्यवस्थेशी तुलना उद्बोधक ठरते. सरपंचाचे पदही गावात एकच असते. परंतु ७३ व्या घटनादुरुस्तीने अनेक गावांची पदे एकत्र मोजून ती आळीपाळीने स्त्रियांसाठी राखली आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण ५० टक्के केले. परिणामी भोकर तालुक्यातील एखाद्या खेड्यातील स्त्रीला सरपंचपदाची वाट कायद्याने मोकळी आहे. त्याच तालुक्यातील महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला प्राचार्यपदासाठी अशी कोणतीही वाट नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार महाविद्यालय विकास समितीवर निवडून येणाऱ्या तीन अध्यापकांपैकी किमान एक स्त्री असणे बंधनकारक आहे. मात्र या समितीचे अध्यक्षपद व्यवस्थापनाकडे आणि सचिवपद प्राचार्यांकडे असते. म्हणजेच कायदा स्त्रीला बैठकीत जागा देतो. बैठक बोलावणाऱ्या पदापर्यंत तो पोहोचत नाही.

पात्रतेची वर्षे :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएच.डी., सहयोगी प्राध्यापक अथवा प्राध्यापक हा दर्जा, १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण आवश्यक ठरले. हे निकष स्त्री-पुरुषांना समान आहेत. ते पूर्ण करण्याची परिस्थिती मात्र समान नसते. तिशीच्या आसपास सेवेत आलेल्या अध्यापिकेची पुढील १५ वर्षे म्हणजेच बाळंतपण, मुलांचे शिक्षण आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण यांचीही वर्षे होत. नांदेडहून रोज अप-डाऊन करणाऱ्या अध्यापिकेचा शोधनिबंधासाठीचा वेळ प्रवासात आणि स्वयंपाकघरात वाटला जातो. पीएच.डी.साठी स्त्रियांना दोन वर्षांची अधिक मुदत व २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा देण्याची तरतूद आयोगाने केली. तिचा उपयोग मोठा आहे. परंतु ही मुदत म्हणजेच पदोन्नतीतील विलंब, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा मुद्दा प्रशासकीय अनुभवाचा. महाविद्यालयातील समित्यांचे वाटप वरवर किरकोळ वाटते. पण स्वागत, रांगोळी, सांस्कृतिक कार्यक्रम आणि महिला तक्रार निवारण ही कामे सहजपणे अध्यापिकांकडे दिली जातात. परीक्षा, खरेदी, बांधकाम, लेखापरीक्षण व नॅकचे समन्वयन ही कामे पुरुषांकडे जातात. निवड समितीसमोर मात्र दुसऱ्या यादीचेच वजन पडते. अर्थसंकल्प कधी हाताळूच दिला नाही, तर अर्थसंकल्पाचा अनुभव नाही ही उणीव तिची कशी मानावी?

उद्योगक्षेत्राचे चित्र :

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी सूचना होती. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी त्याविरुद्ध जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्यांना तेथे अभियंता म्हणून नियुक्ती मिळाली. कारखान्याचे दार असे उघडले. सर्वोच्च पद मात्र पुष्कळदा कुटुंबाच्या मार्गाने आले. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीत अनु आगा पतीच्या निधनानंतर १९९६ साली अध्यक्ष झाल्या आणि २००४ साली ते पद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे आले. दोघींनी आपले कर्तृत्व सिद्ध केले, हे निर्विवाद. अकोला जिल्ह्यातून आलेल्या, बंद पडलेल्या कमानी ट्यूब्जला उभारी देणाऱ्या कल्पना सरोज यांचे उदाहरण वारशाविना घडलेले म्हणून विशेष महत्त्वाचे आहे.

कंपनी अधिनियम, २०१३ ने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री संचालक अनिवार्य केली. सेबीने १ एप्रिल २०१९ पासून आघाडीच्या ५०० आणि १ एप्रिल २०२० पासून १००० सूचिबद्ध कंपन्यांना स्वतंत्र स्त्री संचालक नेमणे बंधनकारक केले. येथेही महाविद्यालय विकास समितीचाच धडा मिळतो. ‘किमान एक’ ही तरतूद व्यवहारात ‘एकच पुरे’ अशी वाचली जाण्याचा धोका असतो आणि कार्यकारी पदांना ती स्पर्शही करीत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, आरक्षणाने स्त्रीला प्रवेश दिला आणि सभासदत्व दिले. नेतृत्वाचे पद त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्या पदाची तयारी १५ वर्षे आधी, महाविद्यालयाच्या समित्यांच्या यादीतच होत असते. म्हणून परीक्षा, वित्त व नॅक समन्वयाची कामे आळीपाळीने द्यावीत, बैठका कामाच्या वेळेतच घ्याव्यात, बालसंगोपन रजेवरून परतणाऱ्या अध्यापिकेला एका सत्रापुरते हलके वेळापत्रक द्यावे आणि विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांतील स्त्री प्राचार्यांची संख्या दरवर्षी प्रसिद्ध करावी. यांपैकी एकाही उपायासाठी नव्या कायद्याची वा अनुदानाची गरज नाही. जून महिन्यात समित्यांची यादी तयार करणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाच्या हाती तो अधिकार आजही आहे.