राजीनाम्याआधी रजेचा अर्ज

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा आमच्या येरमाळ्यात नोकरी करणाऱ्याला रजा मिळणं अवघडच. चुन्याच्या रानात चुनखडी वेचायला भाविकांची झुंबड उडते. हॉटेलं, पेट्रोल पंप, मोठी दुकानं यांच्या धंद्याचे तेच दिवस. मालक म्हणतो, "यात्रा होऊ दे, मग घे." माणूस मान हलवून कामाला लागतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा नकार कागदावर घ्या. नोकरी सोडताना त्याचे पैसे होतात.

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. राजीनामा टाईप करून घ्यायला येणारा कायम घाईत असतो. "ताई, दोनच ओळी टाका. घरगुती अडचण लिहा." मी विचारते, रजा किती शिल्लक आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. काही जण सी.एल. (किरकोळ रजा), पी.एल. (हक्काची रजा), आजारपणाची रजा सगळी एकत्र मोजतात, आणि तिथंच हिशोब चुकतो.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सी.एल. वर्षाला 8 दिवस. ती वापरली नाही तर वर्षअखेर बुडते. आजारपणाची वेगळी रजा हा कायदा देत नाही. कंपनीनं स्वतःच्या नियमात दिली असेल, तर तिचे पैसे मिळणार की नाही हेही त्याच नियमात बघायचं. हक्काची म्हणून साठते ती पी.एल. वर्षात 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागं 1 दिवस, आणि साठा 45 दिवसांपर्यंत. 240 दिवसांचे 12 झाले. रोज 500 रुपये पडत असेल तर 6,000 रुपये. लेकरांच्या शाळेची फी निघते त्यात.

आता खरी मेख. मालकानं कामावरून काढलं तर शिल्लक पी.एल.चे पैसे त्याला द्यावेच लागतात. आपण होऊन नोकरी सोडली, तर कायद्यातले शब्द असे आहेत की रजा मागितलेली हवी आणि ती नाकारलेली हवी. तोंडी मागितली, तोंडी नाकारली, तर उद्या दाखवणार काय? म्हणून अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. सही द्यायला का-कू करत असतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. राजीनाम्यातही मी एक ओळ घालते: "माझी अमुक दिवसांची रजा शिल्लक असून तिचा पगार अंतिम हिशोबात द्यावा." काही जण म्हणतात, साहेबांना राग येईल. येऊ दे. घामाचे पैसे मागताना कसली भीड?

साखर कारखान्यावरच्या पोरांची बाजू जास्त भक्कम आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात कामगारानं स्वतः नोकरी सोडली तरी रजेचा पगार देणं बंधनकारक होतं, 240 दिवस भरलेले नसले तरी, आणि तोही दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही हा हक्क कायम आहे आणि 240 ची अट 180 वर आली आहे.

बँकवाल्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा मे 2024 चा निकाल आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतल्या दोघांनी बरीच वर्षं सेवा करून राजीनामे दिले, तर बँकेनं रजेचे पैसे नाकारले. न्यायालयानं सांगितलं की साठलेल्या रजेचे पैसे ही पगारासारखीच कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. कायद्याचा आधार असल्याशिवाय ती काढून घेता येत नाही. ती बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, म्हणजे आता आपल्या मराठवाड्यातल्याच बँकेत.

राहिले चार-पाच माणसांच्या दुकानातले. आमच्या गावात तेच जास्त, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते त्यांचं. 2017 च्या कायद्यानं मुळात रजेचा हक्क दिला तो 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा 20 वर न्यायचं ठरवलं. हे मला मुळीच पटत नाही. छोट्या दुकानातला माणूस काही कमी राबत नाही. त्यानं कामाला लागतानाच रजेचं काय ते मालकाकडून लिहून घ्यावं. तो कागद मी बिनपैशानं टाईप करून देते.