आठ सोनेरी, एक काळा

फेंगशुईच्या नावानं एक आकडा आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश. दोन फुटांच्या टाकीबरोबर दुकानदार ते हसत बांधून देतो. तेव्हा ती दीड-दोन इंचांची पिल्लं असतात आणि टाकी उलट रिकामीच वाटते. नीट जगला तर गोल्डफिश सहा-आठ इंचांचा होतो, दहा वर्षंही काढतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

शौकिनांचा जुना हिशेब म्हणजे गॅलनला एक इंच मासा. आपल्या मापात पावणेचार लिटरला एक इंच. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत काठोकाठ साधारण 57 लिटर पाणी मावतं. वाळू, खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की पंचेचाळीसेक उरतं. म्हणजे बारा इंच. गप्पी किंवा टेट्रा असतील तर हा हिशेब बरा चालतो, मोठ्या माशांना लावला की फसतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. सहा इंचांचा एक मासा त्याच बांध्याच्या एकेक इंची सहा पिल्लांच्या एकत्रित वजनाच्या छत्तीसपट भरतो. हिशेबात दोन्हींची नोंद सारखीच, सहा इंच!

खरा प्रश्न घाणीचा आहे. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी. तिसरा बराच सोसतो, पण तो साचत जातो. पाणी बदलल्याशिवाय किंवा वनस्पतींनी शोषल्याशिवाय हटत नाही. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून कोऱ्या, चकचकीत टाकीची क्षमता जवळजवळ शून्य असते आणि पहिल्या पंधरवड्यातच मासे मरतात. त्यावर ‘घरावरचं संकट माशानं स्वतःवर घेतलं’ असंही म्हटलं जातं. संकट बहुतेकदा टाकीतच तयार झालेलं असतं. अमोनिया येतो तो शेवटी खाण्यातल्या प्रथिनांतून, तेव्हा माझ्या मते माशांपेक्षा रोज पडणारे दाणे मोजावेत.

दुसरी मर्यादा प्राणवायूची. तो पाण्यात शिरतो पृष्ठभागातून, त्यामुळे उंच, अरुंद टाकी दिसायला देखणी असली तरी तेवढ्याच पाण्याच्या पसरट टाकीइतके मासे सांभाळू शकत नाही. पाणी 25 अंशांवरून 30 वर गेलं की लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावणारा प्राणवायू साडेसातवर येतो. त्यातच उष्म्यानं माशाची गरज वाढते, आणि रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरू लागतात. मे महिन्यात रात्री वीज गेली, पंप थांबला, की दाटीच्या टाकीतले मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात. फायटर आणि गुरामी वरची हवा घेऊ शकतात, म्हणून तगतात. टाकीत किती मासे मावतात ते अशा रात्रीच्या हिशेबानं ठरवावं.

आकड्याला खालचीही मर्यादा असते. टायगर बार्ब दोनच ठेवले तर इतरांचे पर कुरतडत बसतात. आठ-दहांचा थवा असला की त्यांची भांडणं आपापसात राहतात. निऑन टेट्राही सहापेक्षा कमी असले की बुजतात. गप्पींची गोष्ट वेगळी, मादी साधारण महिन्यागणिक विते, तेव्हा आज केलेली मोजणी दिवाळीपर्यंत टिकेलच असं नाही. फक्त नर ठेवावेत.

दोन फुटांच्या टाकीत मी दहा निऑन ठेवीन आणि तिथंच थांबेन. तेही एकदम नाही, दोन-तीन हप्त्यांत, म्हणजे जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवूनच. ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर टाळावा. तो फुटापलीकडे वाढतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. टाकीत मावेनासा झाला की लोक तो तळ्यात सोडतात, आणि देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांमध्ये तो आता मुक्कामाला आला आहे. वाढलेला मासा दुकानदार परत घेतो का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं.