तुकडा तपासावयास पाठविला आहे

"तुकडा तपासावयास पाठविला आहे" हें वाक्य घरांत निघालें कीं बोलणारा आवाज खालीं आणतो आणि ऐकणारा पुढचें विचारीत नाहीं. आमच्या मुलुंडच्या घरींहि तसेंच झालें. माझ्या मानेला सुपारीएवढी गांठ आली. डॉक्टरांनीं तिचा कण काढून तपासण्यास सांगितलें. वडील बहीण निक्षून म्हणाली, "गांठीला सुरी लावूं नकोस, दुखणें खवळतें." आयुष्यभर मुलांना 'ताळा पाहिल्यावांचून उत्तर लिहूं नका' असें बजावणारा मी, स्वतःचा ताळा टाळून तीन महिने सदऱ्याची कॉलर वर करून हिंडलों!

ही तपासणी, म्हणजे बायॉप्सी, लागते कशाला? मानेंतील गांठ साध्या सुजेची असेल, क्षयाची असेल, कर्करोगाचीहि असेल. नुसत्या बोटांना हा भेद खात्रीनें कळत नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रांतहि बहुधा छायाच दिसते. रोगाचें मूळ पेशींत शोधावें, हा सिद्धांत जर्मन पंडित रूडोल्फ विर्खो यांनीं १८५८ सालीं ग्रंथरूपानें मांडला. म्हणून सुईनें किंवा लहानशा छेदानें गांठीचा कण घेतात. छेदानें काढलेला कण फॉर्मॅलिनमध्यें टिकवितात, मेणांत बसवितात, आणि मिलिमीटरच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतके पातळ काप करून ते निळ्या-गुलाबी रंगांत रंगवितात. मग विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकांतून पेशींचा आकार, मांडणी आणि केंद्रकें पाहून निर्णय देतो. अहवालास कांहीं दिवस लागतात ते यामुळें. डॉक्टर कांहीं लपवितात म्हणून नव्हे. कण नेमक्या जागेचा आला नाहीं, तर तपासणी पुन्हां करावी लागते.

मुंबईंत ही विद्या रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचें नांव अग्रभागीं येतें. परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनीं वाहिली. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निदान पक्कें असल्यावांचून अशा मोजदादीला अर्थ राहत नाहीं.

आतां सुरीचें भय. सुईच्या वाटेनें रोग पसरणें अगदीं क्वचित् घडतें. कांहीं थोड्या अवयवांच्या बाबतींत तो धोका ओळखून तज्ज्ञ निराळा मार्ग घेतात. सुरी लागल्यावर दुखणें वाढलें असें ज्या घरीं म्हणतात, तेथें बहुधा तें आधींच वाढलेलें असतें. सुरीपाशीं आपण उशिरां पोहोंचलेले असतों.

माझी गांठ क्षयाची निघाली. सहा महिने मीं नेमानें गोळ्या घेतल्या आणि बरा झालों. ज्या रोगाला मी तीन महिने भ्यालों तो मला नव्हताच. जो होता, त्याला औषध होतें. बहिणीनें अहवाल माझ्याकडून दोनदां वाचवून घेतला. हल्लीं शेजारीं कोणाला गांठ आल्याचें कळलें, कीं तीच प्रथम विचारते, "तुकडा पाठविलात ना?"