हुर्राकाला मोगऱ्याचा सुगंध

मार्च ते मे हा गोव्यात काजूच्या बोंडांचा हंगाम. बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर एकदा गाळला की सौम्य हुर्राक हाती येतो. पुढच्या गाळपातून जहाल फेणी. हुर्राकातील मद्यांश फेणीपेक्षा कमी. मुळातच फळाचा गंध असलेल्या या पेयाला मोगऱ्याची जोड दिल्यास घरीच उत्तम उन्हाळी कॉकटेल साधते.

100 मिलिलिटर पाण्यात 100 ग्रॅम साखर विरघळवून पाक पूर्ण थंड करावा. त्यात संध्याकाळी उमललेली आठ-दहा फुले टाकून चार तास झाकून ठेवावीत व पाक गाळावा. गरम पाकात सुगंध उडून जातो. फुले घरच्या कुंडीतलीच हवीत. बाजारातील गजऱ्यांच्या फुलांवर कीटकनाशक फवारलेले असू शकते.

पेल्यात बर्फ, 60 मिलिलिटर हुर्राक, 15 मिलिलिटर पाक, 10 मिलिलिटर लिंबाचा रस व चिमूटभर मीठ ढवळावे. सोडा शेवटी ओतावा, म्हणजे फसफस टिकते. गोव्याच्या रिवाजाप्रमाणे चिरलेली हिरवी मिरचीही सोडता येईल.

मात्र गोडव्याखाली मद्याची चव लपते. त्यामुळे अंदाजाने न ओतता मापानेच घ्यावे. मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठी हुर्राकाऐवजी अननसाचा रस आहेच.