भाकर हाताला कळते

हदगावकडच्या घरांत डोळस मुलीला भाकर मुद्दाम अशी कुणी शिकवत नाही. ती चुलीपाशी आईला चिकटून बसते, पीठ सांडते, बोलणी खाते आणि बारा-तेरा वर्षांची झाली की एक दिवस सगळ्या घराच्या भाकरी टाकू लागते. बघून बघून तिने काय काय उचललं, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नसतो. जन्मतः दृष्टी नसलेल्या मुलीच्या वाट्याला नेमकं हे बघणंच येत नाही. तिला प्रत्येक गोष्ट ठरवून, हाताला हात लावून द्यावी लागते. फिल हॅटलेन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९९६ मध्ये हेच ठामपणे मांडलं. दृष्टिहीन मुलांना ब्रेल शिकवता तसंच स्वयंपाक, कपडे, पैसे, एकट्याने वावरणं हेही विषय म्हणून शिकवा, कारण बाकीची मुलं ते नुसतं पाहून शिकत असतात.

आपल्याकडे घडतं ते उलटंच. "तू बस माय, चटका बसंल," असं म्हणून तिला बाजेवर बसवलं जातं. त्यात माया आहे, यात शंकाच नाही. पण याच मायेपायी तिशीतली बाईसुद्धा तांब्याभर पाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहत बसते, आणि हे मला फार लागतं.

महाराष्ट्रात अंध मुलांना शिकवण्याच्या कामाला सव्वाशे वर्षं होऊन गेली. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. आज ती श्रीमती कमला मेहता दादर अंधशाळा म्हणून मुलींसाठी चालते. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झालेल्या प्रांजल पाटील याच शाळेच्या. पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ मध्ये अंधशाळा सुरू केली. तिची मुलींची शाळा कोथरूडला आहे. आळंदीला 'जागृती' अंधशाळा आहे. अशा शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला अंथरूण घालणं, केस विंचरणं, ताट घासणं आपोआप अंगवळणी पडतं. पण हदगाव ते पुणे म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास. सात-आठ वर्षांची लेक इतक्या लांब ठेवायला आईबाप कचरतात, त्यात नवल नाही. म्हणून ही शाळा आधी घरातच भरली पाहिजे आणि तिथली पहिली बाई म्हणजे आई.

भाकरीचंच घेऊ. दृष्टीवाचून करता येण्यासारखं काम म्हणून मला भाकर फार जवळची वाटते, कारण डोळस बाईसुद्धा ती निम्मी हातानेच करते. आईने आपले हात खाली ठेवावेत आणि लेकीचे वर घ्यावेत. तिचे हात धरून ओढायचे नाहीत. आईचे हात काय करतात ते तिने चाचपत जावं. पीठ मळून झालं की तळव्याला भेग लागत नाही. थापताना कड जाड राहिली तर बोटाच्या टोकाला लगेच कळतं आणि भाकर पातळ होत जाते तसा परातीवरचा आवाज बदलतो. गॅसवर तवा आधी ठेवायचा, मधोमध बसला का ते चाचपायचं आणि मगच बर्नर पेटवायचा. ओढणी खोचलेली, वेणी बांधलेली. तव्याची कड हाताने शोधायची नाही, उलथन्याने शोधायची. वरून लावलेलं पाणी सुकलं की भाकर उलथन्याच्या धक्क्याने सरकते. ती उलटायची वेळ तीच. कधी तरी चटका बसेल. तो डोळस पोरींनाही बसतो.

वाढायला शिकवताना घड्याळाची खूण जगभर वापरतात: बाराच्या जागी हे, तीनच्या जागी ते. आपल्या ताटाला तर ही शिस्त मुळातच आहे. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. ती रोज पाळली तर "कुठंय?" असं विचारायची वेळ तिच्यावर येणार नाही. घरातल्या बाकीच्यांनीही तेवढं सांभाळावं. मिठाचा डबा ज्या फळीवर आहे तिथेच परत ठेवायचा, दार एक तर सताड उघडं किंवा पूर्ण बंद, आणि वाटेत बादली नको.

पैशांचं शिकवणं त्या मानाने सोपं आहे. नव्या नोटांची उंची थोड्याफार फरकाने सारखीच, पण लांबी किमतीप्रमाणे वाढते: दहाची १२३ मिलिमीटर, शंभराची १४२, पाचशेची १५०. शंभर आणि त्यावरच्या नोटांवर हाताला लागणाऱ्या खुणा असतात. वीसच्या नाण्याला बारा बाजू आहेत. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे २०२० मध्ये आलेलं ॲप नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगतं. आठवडी बाजारात तिच्या हातात पैसे द्या आणि सुटे तिलाच मोजू द्या.

पाळीबद्दल मात्र घरात बोलणंच होत नाही. डोळस मुलीला बहिणीकडून, मैत्रिणीकडून काहीबाही कळतं. हिला तेवढंही कळत नाही. पॅड कोरडं असतानाच हातात द्यावं, चिकट बाजू कोणती ते दाखवावं, आतल्या कपड्यावर बसवून घ्यावं, कागदात गुंडाळून टाकायला लावावं, आणि हे सगळं पहिली पाळी यायच्या आधी. शरीराला कुणी कुठे हात लावायचा नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट शब्दांत सांगावं. काठीबाबतही अशीच लपवालपवी. पांढरी काठी घेतली की "लोकांना कळंल" म्हणून कित्येक घरं ती कोपऱ्यात ठेवतात आणि मुलगी भावाच्या खांद्याला धरून चालत राहते. भाऊ कामाला गेला की तिचं बाहेर जाणं बंद.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहांतून मुली घरी येतील. त्या पाहुण्या म्हणून ओट्यापासून लांब बसू नयेत. करंजीची कड मुरडणं, शंकरपाळ्याची पोळी लाटणं, सोऱ्या फिरवणं ही सगळी बोटांची कामं. तळणाचा सराव आधी थंड, रिकाम्या कढईत करून घ्यावा: झाऱ्यावरून करंजी अलगद सोडायची, उलटायची, कडेला टेकवून निथळायची, ताटात काढायची. मग कढईत गार पाणी घेऊन तेच बटाट्याच्या फोडींवर. हात बसला की मोठ्या माणसाने शेजारी उभं राहावं आणि तेल तापत ठेवावं.