मक्तेदारी नियंत्रण : अंकीय मंच

ग्राहक व विक्रेते, वाचक व जाहिरातदार अशा परस्परांची गरज असलेल्या गटांना आंतरजालावर एकत्र आणणाऱ्या व्यवस्थेस अंकीय मंच किंवा ‘डिजिटल प्लॅटफॉर्म’ म्हणतात. असे मंच चालविणाऱ्या महाकाय कंपन्यांनी आपल्या बाजारसामर्थ्याचा दुरुपयोग करू नये, म्हणून योजिलेले कायदेशीर उपाय ह्या नियंत्रणात मोडतात. गूगल, ॲमेझॉन, ॲपल, मेटा व मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपन्यांशी त्याचा प्रामुख्याने संबंध येतो.

अमेरिकेत १८९० साली शर्मन कायदा संमत झाला व त्याच्या आधारे १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल ह्या बलाढ्य तेल कंपनीचे ३४ कंपन्यांत विभाजन करण्यात आले. पुढे, विशेषतः रॉबर्ट बॉर्क ह्या विधिज्ञाच्या १९७८ मधील ग्रंथानंतर, ग्राहकाला द्यावी लागणारी किंमत वाढली की नाही, हीच मुख्य कसोटी होऊन बसली. जी सेवा मुळात विनामूल्य मिळते, तिच्या बाबतीत ही कसोटी अर्थातच लंगडी पडते. शोधयंत्र वा समाजमाध्यम वापरणारा मोबदला देतो तो पैशांत नव्हे, तर आपले लक्ष व वैयक्तिक माहिती ह्यांच्या रूपाने. लीना खान ह्यांनी २०१७ साली ॲमेझॉनविषयीच्या लेखात ही उणीव दाखवून दिली. २०२१ मध्ये त्याच अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.

मंचावर जितके लोक अधिक, तितका तो इतरांना अधिक उपयुक्त. त्यामुळे बाजार एकाच कंपनीकडे कलू लागतो. केवळ मोठेपणा हा कायद्याने गुन्हा नव्हे. मात्र येथे बाजाराच्या जागेचा मालक त्याच बाजारात स्वतःचे दुकान थाटतो आणि शेजारच्या दुकानदारांचे हिशेबही त्याला दिसतात, ही खरी अडचण होय. यूरोपीय आयोगाने गूगलविरुद्ध चालविलेले प्रकरण ह्याचे बोलके उदाहरण आहे. शोधाच्या निकालांत गूगल स्वतःची किंमत-तुलना सेवा ठळकपणे दाखविते व प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलते, अशी तक्रार होती. चौकशी २०१० मध्ये सुरू झाली, २४२ कोटी यूरोंचा दंड २०१७ मध्ये झाला व यूरोपीय न्यायालयाने तो कायम केला २०२४ मध्ये. आरंभीच्या तक्रारदारांपैकी फाउंडेम हे ब्रिटिश संकेतस्थळ तोवर बंदही पडले होते. अशा विलंबाने मिळालेल्या न्यायाचा प्रतिस्पर्ध्याला उपयोग काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

यूरोपीय संघाच्या २०२२ च्या अंकीय बाजार अधिनियमाने म्हणूनच निराळी वाट धरली. संघात दरमहा किमान ४.५ कोटी वापरकर्ते व वर्षाला १०,००० व्यावसायिक ग्राहक असलेल्या आणि उलाढालीची वा बाजारमूल्याची ठराविक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीस ‘द्वारपाल’ ठरवून तिच्यावर आगाऊच बंधने घातली जातात. तिने स्वतःच्या सेवेला झुकते माप द्यावयाचे नाही, तसेच एका सेवेतून मिळालेली माहिती संमतीवाचून दुसरीत वापरावयाची नाही. भंग झाल्यास जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होतो. मार्च २०२४ पासून ही बंधने लागू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ॲपलला ५० कोटी व मेटाला २० कोटी यूरो दंड झाला.

अमेरिकेत मात्र न्यायालयीन मार्गच प्रधान राहिला. शोधयंत्रांच्या बाजारात गूगलने बेकायदेशीरपणे मक्तेदारी टिकविली, असा निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. आपले शोधयंत्र आधीच निवडलेले असावे, यासाठी गूगलने केवळ २०२१ ह्या एका वर्षात इतर कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिल्याचे त्यात उघड झाले. तरीही क्रोम हा न्याहाळक विकण्याची सक्ती करण्यास न्यायालयाने २०२५ मध्ये नकार दिला. इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप खरेदी करणाऱ्या मेटाविरुद्धचा दावाही त्याच वर्षी फेटाळला गेला.

भारतात मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियम (१९६९) याची जागा स्पर्धा अधिनियमाने (२००२) घेतली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रणालीसंबंधी गूगलला १,३३७.७६ कोटी रु. दंड केला. मोबाइल उत्पादकांना गूगलचे सर्व ॲप एकत्रच घ्यावे लागत, हा मुख्य आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने ही अट भारतापुरती सैल केली. पुढे अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे चार आदेश रद्द केले. यूरोपच्या धर्तीवरील अंकीय स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि त्याचा जाच वाढत्या देशी कंपन्यांनाही होईल, असा आक्षेप उद्योगक्षेत्रातून घेण्यात आला व २०२५ अखेरपर्यंत तो संमत झाला नव्हता.